तक्रार: तुमचे इंजिन पझेशन खेळवत नाही, निकाल आधीच ठरवते

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि गेम डेव्हलपमेंट विभाग

विषय: बास्केटबॉल मॅनेजमेंट गेममधील आक्रमणाच्या सिम्युलेशनमधले दोष दुरुस्त करण्याबाबत

महोदय/महोदया,

तुमचा गेम मी पैसे मोजून घेतला तो जाहिरातीतल्या एका आश्वासनामुळे: प्रत्येक पझेशन (चेंडू एका संघाकडे आल्यापासून दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा डाव) पासागणिक सिम्युलेट होते. करार, ड्राफ्ट, दुखापती, सॅलरी कॅप हा भाग तुम्ही मनापासून केला आहे आणि त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. तक्रार आहे ती चेंडू हातात आल्यापासून शॉट होईपर्यंत जे घडते त्याबद्दल.

मॅच लॉग ओळीओळीने वाचल्यावर माझी खात्री पटली आहे की इंजिन आधी शॉट कोण घेणार हे ठरवते, मग तो पडला की नाही हे ठरवते, आणि पास, स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणे), असिस्ट (बास्केट होण्याआधीच्या पासचे श्रेय) वगैरे मागाहून जोडते. आधी कळस मग पाया. एका सामन्यातल्या तिसऱ्या क्वार्टरच्या दोन ओळी बघा. पहिल्या ओळीत माझा पॉइंट गार्ड बाहेर जातो आणि त्याच्या जागी राखीव गार्ड येतो. लगेच पुढच्या ओळीत कोपऱ्यातून थ्री (तीन गुणांचा शॉट) पडतो आणि असिस्ट मिळते बाकावर जाऊन बसलेल्या गार्डला! पास खरोखर खेळला गेला असता तर हे होणेच शक्य नव्हते. लॉगची प्रत सोबत जोडली आहे.

हा नुसता नोंदीतला घोळ असता तर मी एवढे लिहिले नसते. पण निकाल आधी ठरत असेल तर कोचने डावपेच आखायचेच कशाला? पिक अँड रोलचे उदाहरण घ्या. स्क्रीन लागली की बचाव करणारे दोघे क्षणभर अडकतात, सेंटर रिंगकडे धावतो, त्याला अडवायला कोपऱ्यातला बचावपटू आत सरकतो आणि त्याचा माणूस मोकळा राहतो. एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) कोर्टवर थ्रीची रेषा मध्यभागी २३ फूट ९ इंचांवर असते आणि कोपऱ्यात २२ फुटांवर, म्हणून त्या मोकळ्या कोपऱ्याला इतकी किंमत. आता तुमच्या गेममध्ये रिंगकडे जोरात धावणारा सेंटर काढून मी तिथे सगळ्यात कमकुवत खेळाडू ठेवला. कोपऱ्यातल्या शूटरला मिळणारे शॉट तेवढेच राहिले, टक्केवारीही जवळपास तीच. म्हणजे त्याचा शॉट फक्त त्याच्या स्वतःच्या रेटिंगवर चालतो, आणि उरलेले चौघे तिथे असले काय नि नसले काय, सारखेच.

शॉट क्लॉकचेही, म्हणजे शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळाचेही, तेच. सहाव्या सेकंदाला मोकळा मिळालेला शॉट आणि बाविसाव्या सेकंदाला बचावपटू अंगावर असताना नाइलाजाने फेकलेला शॉट, दोन्ही तुमच्याकडे एकाच टक्केवारीने पडतात. ‘टेम्पो’ची पट्टी मी पुढे-मागे सरकवतो तेव्हा शॉटची संख्या बदलते, दर्जा मात्र बदलत नाही. वेळ संपत आला की आक्रमणाचे पर्याय कमी होत जातात. २४ सेकंदांचे घड्याळ एनबीएत १९५४ साली आले ते याच दबावासाठी, नाहीतर आघाडीवरचा संघ चेंडू हातात धरून उभा राहायचा.

आणि आता सगळ्यात गंभीर दोष, कारण त्यात तुमच्या इंजिनची मूळ चूक उघडी पडते. ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत आपल्या हाती येणे) मिळाला की तुमचे इंजिन घड्याळ पुन्हा २४ वर नेते. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत आणि २०१८-१९ च्या हंगामापासून एनबीएतही, चेंडू रिंगला लागून आक्रमण करणाऱ्या संघाकडेच परत आला तर घड्याळ १४ वर येते. मला आधी वाटले हा एका आकड्याचा प्रश्न असेल. मग बॉक्स स्कोअरमधला (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यातला) पझेशनचा रकाना पाहिला: एका संघाची ९६, दुसऱ्याची १०९. पझेशन आळीपाळीने मिळते, त्यामुळे सामन्याअखेर दोन्ही संघांचा आकडा जवळपास सारखाच हवा. त्याच पानावर ऑफेन्सिव्ह रिबाउंड होते ८ आणि २१. वजा करून बघा, दोन्हीकडे ८८ उरतात. म्हणजे तुमचे इंजिन ऑफेन्सिव्ह रिबाउंडला नवीन पझेशन समजते. घड्याळ २४ वर जाते तेही त्यामुळेच.

याचा परिणाम दूरवर जातो. पझेशनमागे गुण किती, यावर आक्रमण जोखले जाते. रिबाउंडमध्ये जोरदार असलेल्या माझ्या संघाचा भागाकार मोठ्या संख्येने होतो, म्हणून त्याचे आक्रमण कागदावर सुमार दिसते. त्याच आकड्यावरून तुमचा गेम खेळाडूंची ट्रेड व्हॅल्यू ठरवत असेल, तर रिबाउंड घेणारा प्रत्येक सेंटर स्वस्तात विकला जातो आहे. प्रचलित सूत्र साधे आहे: फील्ड गोलचे (खेळ चालू असताना घेतलेल्या शॉटचे) प्रयत्न, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणे), अधिक फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट. प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही, म्हणून पूर्ण संख्या न घेता ०.४४.

शेवटच्या सेकंदांचे वागणेही दुरुस्त करा. तीन गुणांनी मागे, हातात चार सेकंद, आणि संघ आत घुसून दोनचा शॉट घेतो. हे वारंवार होते.

माझ्या मागण्या अशा. ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर घड्याळ १४ वर यावे आणि पझेशन तेच धरले जावे. ही दुरुस्ती पुढच्याच अपडेटमध्ये हवी, ती अवघड नाही. शॉटची टक्केवारी ठरवताना घड्याळ, बचावपटूचे अंतर आणि कोर्टवरचे बाकीचे चौघे विचारात घ्यावेत. याला वेळ लागेल हे मान्य, पण कधी होणार ते लेखी कळवा. तोपर्यंत डावपेचांच्या प्रत्येक पट्टीखाली ती नेमके काय बदलते ते लिहा, आणि ‘पासागणिक सिम्युलेशन’ हे शब्द जाहिरातीतून काढा. यातले काहीच करणार नसाल तर माझे पैसे परत करावेत.

हा खेळ मला मनापासून आवडतो, तुमच्या गेमचा बाकीचा भागही आवडतो, म्हणून सविस्तर लिहिले. कृपया ठरावीक नमुन्यातले उत्तर न पाठवता इंजिनवर काम करणाऱ्या व्यक्तीकडून उत्तर मिळावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: मॅच लॉग आणि बॉक्स स्कोअरची प्रत