दमा, जनुके आणि पंप

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावरील दम्याच्या लेखात ‘दमा हा जनुकांतच असतो’ असे विधान आहे. ते चुकीचे नाही, परंतु आईवडिलांकडून जे आले त्यावर आता इलाज नाही, असा त्याचा अर्थ वाचक काढतील, म्हणून हे पत्र. ॲलर्जीच्या दम्यात जनुके कोणती मिळाली याइतकेच त्यांतली कोणती केव्हा कामाला लागतात यालाही महत्त्व आहे, आणि ते पुष्कळ अंशी प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडत असलेल्या निरोप्या प्रथिनांवर ठरते.

घरातील धुळीतले सूक्ष्म किडे किंवा परागकण श्वासनलिकेच्या अस्तराला डिवचतात, तेव्हा चेतवल्या गेलेल्या टी-हेल्पर-२ या प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही निरोप्या प्रथिने सोडतात. यांपैकी इंटरल्यूकिन-१३ अस्तरातील पेशीच्या बाहेरील ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटले, की आत एरवी निष्क्रिय असलेल्या स्टॅट-६ या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो, त्याच्या जोड्या बनून केंद्रकात शिरतात आणि डीएनएवरील ठरावीक जागी बसून तेथील जनुके चालू करतात. परिणामी श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायने तयार होतात आणि रुग्णाला पहाटे खोकूनही न सुटणारा चिकट बळखा नळ्यांत साचतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक प्रेस्कॉट वुड्रफ, जॉन फाही आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतून ब्रशने काढलेल्या पेशी तपासून २००७ साली दाखवले, की पेरिऑस्टिन या प्रथिनाच्या जनुकासह तीन जनुके त्यांत वाढीव प्रमाणात चालू असतात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना इंटरल्यूकिन-१३ दिले की तीच जनुके चालू होतात आणि श्वासावाटे स्टिरॉइड घेतल्यावर ही तिन्ही जनुके मंदावतात. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने आपल्याकडे अनेकजण स्टिरॉइडचा पंप टाळतात आणि धाप लागली की फक्त साल्ब्युटामॉल ओढतात. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते, त्याने लगेच बरे वाटते (आणि म्हणूनच फसायला होते), पण अस्तरातील ही जनुके त्याने शमत नाहीत. स्टिरॉइड मात्र पेशीतील आपल्या ग्राहीसह केंद्रकात जाऊन दाह वाढवणाऱ्या जनुकांनाच आवर घालते.

इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोहोंच्या सामाईक ग्राहीलाच अडवणारे ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१८ साली मध्यम ते तीव्र दम्याच्या काही रुग्णांसाठी मंजूर झाले. असली औषधे महाग आहेत आणि सर्वांना लागू पडणारीही नाहीत, कारण वुड्रफ-फाही यांच्याच गटाने २००९ साली सौम्य ते मध्यम दम्याच्या रुग्णांत पाहिले, की सुमारे निम्म्यांमध्येच इंटरल्यूकिन-१३ ची खूण, म्हणजे वरील तीन जनुके वाढीव प्रमाणात चालू असणे, ठळक होती, आणि स्टिरॉइडच्या पंपाने श्वासक्षमता सुधारली तीही त्यांचीच. कोणता रुग्ण कोणत्या गटातला, याचा थोडा अंदाज रक्ताच्या साध्या तपासणीतील इओसिनोफिलच्या संख्येवरून येतो. मात्र ही संख्या जंतांमुळेही वाढते, त्यामुळे तिचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. ज्यांच्यात ही खूण आढळत नाही, त्या उरलेल्या निम्म्या रुग्णांच्या दम्याविषयी आपल्या पानावर तज्ज्ञांकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा