बाळ रडलं, आता आईकडे बघा

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी परिचारिका. अठ्ठावीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे पत्र लिहायला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. हा निवृत्तीचा एक फायदा.

माता-बाल आरोग्याचं कुठलंही धोरण उघडलं की पहिल्याच पानावर एक आकडा ठळक छापलेला असतो: इतके टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या. तो वाढावा म्हणून आम्हीही राबलोय, तेव्हा त्याला नावं ठेवत नाही. पण बाई दारातून आत आली, एवढंच तो सांगतो. आत आल्यावर तिच्याकडे बघायला कोणी होतं का, हे त्याच्या गावीही नसतं. बाळ बाहेर येतं, रडतं, सगळे हुश्श करतात आणि सगळ्यांच्या माना बाळाकडे वळतात. आईच्या जिवाला खरा धोका नेमका त्याच घटकेला सुरू होतो. तुमचं धोरण मात्र तिथेच टाळ्या वाजवून थांबतं.

एक रात्र सांगते. ड्युटीवर आम्ही दोघी. एक बाळ नीट रडेना म्हणून माझी सहकारी त्याला घेऊन वॉर्मरकडे धावली. मी तिसऱ्या टेबलावर, तिथे डोकं दिसायला लागलं होतं. पहिल्या टेबलावरची बाई मोकळी होऊन अर्धा तास झाला होता. वार पूर्ण पडली होती, टाकेही घालून झाले होते. ती एकदा म्हणाली, "सिस्टर, अंगाखाली ओलं ओलं लागतंय." मी लांबूनच म्हटलं, "होतं तसं, पडून राहा." पंधरा-वीस मिनिटांनी तिच्याकडे गेले तेव्हा ती जांभया देत होती. जांभया पाहिल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. पांघरूण काढलं, खालची चादर काळपट लाल दिसत होती. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय हातालाच लागेना, इतकं सैल. पुढचे दोन तास कसे गेले ते लिहीत नाही. सगळे कपडे आणि पॅड नंतर काट्यावर ठेवले, कोऱ्यांचं वजन वजा केलं. रक्त दीड लिटरच्या वर भरलं. केसपेपरवर त्याआधी मीच लिहून ठेवलं होतं, "रक्तस्राव सामान्य."

ती वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. महिन्याच्या अहवालात ती 'रुग्णालयातील प्रसूती' या रकान्यात गेली, बाळ 'जिवंत जन्म' या रकान्यात. गर्भाशय गेलं त्यासाठी रकानाच नव्हता. साहेब, ज्याला रकाना नाही ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता थोडं शरीराचं. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना टाके कोण घालतं? गर्भाशयाचा स्नायूच. तो आवळला जातो, वाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. वरून हात लावला तर चेंडूसारखं टणक लागायला हवं. लांबलेल्या कळांनी, जुळ्यांमुळे, भरलेल्या मूत्राशयामुळे, कधी काहीच कारण नसताना तो स्नायू ढिला राहतो, मग नळ उघडाच. त्यात तरुण बाईचं बी.पी. फसवं. पुष्कळ रक्त जाईपर्यंत ते टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं. नाडी आधी बोलते, पण नाडी धरायला माणूस तिथे उभा हवा.

2023 मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी जगात सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया मेल्या असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दर दोन मिनिटांना जवळजवळ एक. 2030 पर्यंत लाख जिवंत जन्मांमागे सत्तरच्या खाली यायचं ठरलं होतं, जग 197 वर आहे. यातलं सर्वांत मोठं थेट कारण रक्तस्राव. आणि तो आम्ही डोळ्यांनी मोजतो! रक्त चादरीत मुरतं, गर्भजलात मिसळतं, मोरीत वाहून जातं. जाणकारातला जाणकार डोळाही जास्त गेलेलं रक्त कमीच धरतो. माझाही तसाच होता.

म्हणून 2023 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुमच्या टेबलावर असावा असं मला वाटतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली 80 रुग्णालयं आणि दोन लाखांवर स्त्रिया त्यात होत्या. केलं काय? बाईच्या खाली प्लास्टिकची एक पिशवी लावली. तिच्यावर मापाच्या खुणा, त्यात 300 आणि 500 मिलिलिटरला इशाऱ्याच्या रेषा. रक्त वाढतंय असं दिसलं की पुढचं सगळं एका दमात करायचं: गर्भाशय चोळणं, ते आवळणारी औषधं, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त नेमकं कुठून येतंय ते तपासणं. आधी एक करून बघू, गुण नाही आला तर दुसरं, ही आमची जुनी सवय मोडायची. जिथे नेहमीच्या पद्धतीने काम चाललं होतं तिथे रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्या वेळेत ओळखल्या गेल्या, पिशवी लावलेल्या ठिकाणी 93 टक्के. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं.

यात नवं औषध एकही नव्हतं. नवी होती ती पिशवी आणि नवी होती ती शिस्त.

त्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ते शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने, 1962 मध्ये. या बाई लेकराला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतिणींवर हे औषध वापरून बघा म्हणून त्यांनी प्रसूतितज्ज्ञांना विनवलं, पण कोणी मनावर घेतलं नाही. वीस हजार स्त्रियांवरची चाचणी 2017 ला प्रसिद्ध झाली: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. ओकामोतोबाई त्याच्या आदल्या वर्षीच वारल्या होत्या. औषध हाताशी, आणि ते बाळंतिणीपर्यंत पोहोचायला पंचावन्न वर्षं. तेव्हा पिशवीच्या फाइलवर 'समिती नेमावी' असा शेरा मारताना एवढं लक्षात असू द्या.

ऑक्टोबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचनाही बदलल्या. 500 मिलिलिटरपर्यंत वाट बघू नका, 300 झालं आणि नाडी किंवा बी.पी. बिघडलेलं दिसलं की लगेच कामाला लागा, असं आता त्यात आहे. हे परिपत्रक पोहोचेल, सही करून फाइलला लागेल. पण मोजायचं कोणी?

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बी.पी., गर्भाशय आणि रक्तस्राव बघायचा, असं आम्हाला शिकवलं. तसा छापील तक्ताही असतो. कधी अचानक एखाद्या वॉर्डात जाऊन हे तक्ते चाळा. आठच्या आठ नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, आणि बी.पी. सगळीकडे 110/70. बाईचं बी.पी. दोन तास इतकं सरळ रेषेत राहत नाही हो! सकाळी ड्युटी संपताना बसून भरलेले असतात ते. मीसुद्धा भरलेत. आळस म्हणून नाही, दोघींनी नऊ बाया सांभाळल्यावर आकडे कुठून आणायचे? तक्ता कोरा ठेवला तर मेमो, खोटा भरला तर कोणी विचारत नाही. मग माणूस काय करणार? बाळंत झालेल्या बाईसाठी त्या दोन तासांत वेगळी सिस्टर, जिच्यावर दुसरं टेबल नाही, एवढी एक ओळ तुमच्या मनुष्यबळाच्या निकषात आली तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट फ्रीजची. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारं इंजेक्शन, 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. लशींचा फ्रीज लाडाचा, त्याला तापमापक, वही, जबाबदार माणूस. ऑक्सिटोसिन मात्र लेबर रूमच्या ट्रेमध्ये दिवसभर उघड्यावर. औषध बिघडलंय हे बाटलीकडे बघून कळत नाही, ते पाण्यासारखंच दिसत राहतं. आम्ही टोचतो, गर्भाशय ढिम्म. मग म्हणतो, हिचं गर्भाशयच ऐकत नाही. जिथे वीज टिकत नाही तिथे उष्णता सोसणारं कार्बेटोसिन आहे. 2018 च्या मोठ्या चाचणीत ते रक्तस्राव टाळण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं आणि पुढच्या वर्षी अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत गेलं. खरेदी खात्याला सर्वांत स्वस्त बाटली हवी असते, हे मी जाणते. निकामी बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

आता जरा अवघड बोलते. बाई गेली की चौकशी लागते, आणि चौकशी म्हणजे 'कोणाला निलंबित करायचं' एवढाच तिचा अर्थ उरलाय. याचा परिणाम काय होतो ते ऐका. प्रकृती हाताबाहेर गेलेली बाई घाईघाईने अँब्युलन्समध्ये घालून 'पुढे पाठवली' जाते. सोबत सिस्टर नाही, रक्ताची सोय नाही, पुढच्या रुग्णालयाला फोन नाही. मृत्यू आपल्या रजिस्टरवर नको, बस्स. हे मी पाहिलंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1952 पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी चालते. तिथे नावं झाकून ठेवतात आणि शोधतात ते एवढंच, की कुठली कडी तुटली. निष्काळजीपणाला शिक्षा नको असं मी म्हणत नाही. ती वेगळ्या दाराने होऊ द्या. शिकायच्या खोलीत पोलीस बसवला की सगळे गप्प होतात. आणि जी मरता मरता वाचली तिचीही नोंद होऊ द्या. माझ्या पहिल्या टेबलावरची बाई जिवंत होती, म्हणून तिच्याकडून कोणी काहीच शिकलं नाही, माझ्याखेरीज.

बाळाबद्दल लिहिलं नाही म्हणून रागावू नका. आईकडे बघा म्हणते ते बाळासाठीही आहे. कमी वजनाचं मूल जन्मलं की आपण त्याला काचेच्या पेटीत ठेवतो आणि आईला दुसऱ्या मजल्यावर. ती जिन्यात बसून दूध पिळते, वाटी आत पाठवते आणि दाराच्या गोल काचेतून बघत राहते. कोलंबियातल्या बोगोटाला 1978 मध्ये पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी बाळं आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावून ठेवायला सुरुवात केली. नाइलाजाने निघालेली वाट पुढे खरी ठरली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1 ते 1.8 किलोच्या आतली बाळं स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिली, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. फायदा इतका उघड दिसला की चाचणी मध्येच थांबवली. पण त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षात, बाळाजवळ लागते. नकाशात दोन विभाग, दोन प्रमुख, दोन बजेट. आई स्त्रीरोग विभागाची, मूल बालरोग विभागाचं. नवी इमारत बांधाल तेव्हा मधली भिंत काढा. रंगसफेदी नंतर करा.

आणि घरी गेल्यावर? किमान चोवीस तास थांबवा म्हणतात, आम्ही खाट हवी म्हणून बाराव्या तासाला सोडतो. ताप, झटके, दूध न उतरणं, उगाच रडू येणं, मुलाकडे बघावंसंच न वाटणं, हे सगळं त्यानंतरच्या दिवसांत सुरू होतं. पहिल्या सहा आठवड्यांत निदान तीन भेटी व्हाव्यात असं सांगितलेलं आहे. पहिली दोन-तीन दिवसांत, दुसरी आठवड्या-दोन आठवड्यांत. भेट म्हणजे फोनवर "सगळं ठीक ना?" नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवलं: बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखून औषध देणं. 1999 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, ज्या गावांत हे केलं नव्हतं त्यांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी खाली होता. त्या बायांच्या हातात वजनकाटा होता आणि घड्याळ होतं. आपण आपल्या कार्यकर्तीच्या हातात फोन देतो आणि फोटो मागतो.

एक विनंती करते. भेट द्यायची तर सकाळी अकराला, फुलं लावलेल्या दारातून नको. रात्री दोनला या, न कळवता. ऑक्सिटोसिन कुठे ठेवलंय ते विचारा आणि तिथे थर्मामीटर आहे का बघा. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईपाशी सिस्टर उभी आहे का, बघा. नसेल तर तिच्यावर रागावू नका, ती दुसऱ्या टेबलावर असेल. पंधरा मिनिटं तिथेच थांबा. आणि चपला बाहेर काढा, आत सगळ्यांनाच काढाव्या लागतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका