लेकराच्या ऑपरेशनच्या दिवशी भेटलेल्या अनामिकांचे आभार

आदल्या संध्याकाळी फोन करून उपाशी ठेवायच्या वेळा नीट सांगणाऱ्या ताईंचे आभार सर्वांत आधी. जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं दूध 4 तास, साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत. ‘रात्रीपासून काहीच नको’ असं मोघम सांगितलं की मूल उगाच तहानेनं रडतं. आणि कुणी मायेपोटी बिस्कीट हातात दिलंच, तर ऑपरेशन पुढे जातं, कारण भुलेत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

वजन तोंडी न विचारता काट्यावर घेणाऱ्या ब्रदरचे आभार. भुलेच्या औषधांचा हिशोब किलोवर चालतो.

सुईच्या तासभर आधी तळहाताच्या मागे बधिर करणारं मलम लावणाऱ्या सिस्टरचे तर विशेष. मलम चोळायचं नसतं. पांढरा जाड थर ठेवून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची. घाईत 10 मिनिटांत पुसलं तर लावलं न लावलं सारखंच. त्यांनी दोन्ही हातांना लावलं, म्हणजे एक शीर हुकली तरी दुसरी तयार.

‘शुद्धीवर येताना आरडाओरडा करेल, तुम्हालाही ढकलेल, बहुधा अर्ध्या तासात निवळेल’ हे आधीच कानावर घालणाऱ्या मावशींचेही. आणि सलाईनच्या हाताला फळी बांधून वर मोजा चढवणाऱ्याचे. दिसली नाही, की सुई ओढायची आठवण होत नाही!