डोळे मिटा, उघडा : निवृत्तिवेतन राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. कार्मिक, सार्वजनिक तक्रार व निवृत्तिवेतन राज्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी टपाल खात्यातली निवृत्त सबपोस्टमास्तर. नोव्हेंबर उजाडला की आळीतली वयस्क माणसं, निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्यासाठी, माझ्या पडवीत येतात. या वेळी पहिल्या आल्या शेजारच्या काकू. यजमान आमच्याच खात्यात होते, त्यांच्या मागे काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

'जीवन प्रमाण', म्हणजे आधारवरून ओळख पटवून मिळणारा हयातीचा डिजिटल दाखला, 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झालं, तेव्हा बोटाचा ठसा द्यावा लागे. विहिरीचा दोर ओढून आणि सुपारी सोलून काकूंच्या बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. यंत्र दरवर्षी नाही म्हणायचं आणि काकू ओशाळून हात पदराला पुसायच्या, जणू चूक त्यांचीच. 2021 च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. साहेब, त्याबद्दल मनापासून आभार. हा बदल आमच्या भल्याचा आहे.

पण तो आमच्यापर्यंत पोचला कसा, ते ऐका. ॲप दोन घ्यावी लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारच्या चेहरा-ओळखीचं. त्यात आधी 'ऑपरेटर'ची ओळख द्यायची. हा शब्द वाचला की माणसं फोन खाली ठेवतात. ऑपरेटर म्हणजे कोणीतरी साहेब, तो आपल्याकडे कुठून येणार? ज्याच्या हातात फोन आहे तोच ऑपरेटर, हे सांगायला शेजारी माणूस लागतो. काकूंनी गेल्या वर्षी सगळं वहीत लिहून घेतलं होतं, कुठलं चित्र, त्यानंतर कुठलं. यंदा नातवाने फोन अपडेट केला नि सगळी मांडणीच बदलली. वही उघडी धरून त्या म्हणाल्या, "अगो, हे माझं घरच नव्हे."

मग त्यांना पडवीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसवलं. चष्मा काढला. स्क्रीनवरच्या गोलात चेहरा आणला. डोळे मिटा, उघडा. पहिल्यांदा त्यांनी देवापुढे मिटावेत तसे मिटून ठेवले. तिसऱ्या वेळेला गोल हिरवा झाला. थोड्या वेळाने मेसेज आला, तर तो त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

मी स्वतः 1979 साली लागले तेव्हा तारेचा कडकट्ट शिकले. पुढे कॉम्प्युटर आला, मग बचत खात्यांचं सगळं काम कोअर बँकिंगवर गेलं. जुलै 2013 मध्ये तारच बंद झाली, त्या दिवशी मी रडले होते. प्रत्येक बदलाचं परिपत्रक आलं, पण परिपत्रक वाचून मी काही शिकल्याचं मला आठवत नाही. स्टूल ओढून शेजारी बसलेल्या एका नव्या पोराने मला शिकवलं. चुकलं तर "मॅडम, परत करू" म्हणायचा, आणि खरंच परत करायचा. भीती मोडली ती त्या "परत करू"ने.

म्हणून मागणं एवढंच. तुमच्या खात्याची नोव्हेंबरातली मोहीम शहरातल्या शिबिरांपाशी थांबू नये. पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, ही सोय आहेच. पण त्याच्या बीटमध्ये दीडशे घरं आणि सायकल एक. दाखला काढून देण्याबरोबर शिकवून जायलाही त्याला वेळ द्या, आणि तो वेळ त्याच्या कामात धरा. ॲपमध्ये काही बदलायचं असेल तर पावसाळ्यात बदला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नको. काय बदललं ते मोठ्या अक्षरात, मराठीत, एका कागदावर छापून पोस्टात नि बँकेत लावा. ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही त्यावर असू द्या. आमच्या आळीत दोघांना ते ठाऊकच नव्हतं. आणि कागदावरचा दाखला बंद करू नका. तो आहे, या भरवशावरच आम्ही नवीन करून बघतो.

जाताना काकूंनी वहीचं जुनं पान फाडलं नाही. शेजारच्या कोऱ्या पानावर यंदाची तारीख घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझं मी करीन. तू नुसती शेजारी बस."

आपली नम्र,
एक निवृत्त सबपोस्टमास्तर
देवरुख, जि. रत्नागिरी