माझा पाठ पूर्ण न पाहता दिलेल्या निकालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, मूल्यमापन विभाग

विषय : प्रगत व्यावसायिक अध्यापन प्रमाणपत्राच्या पोर्टफोलिओची विनाशुल्क फेरतपासणी करण्याबाबत

महोदय/महोदया,

मी गेली चौदा वर्षे प्राथमिक वर्गांना गणित शिकवते. आपल्या प्रगत प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला मी गेल्या वर्षी पूर्ण शुल्क भरून प्रवेश घेतला. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, पण अध्यापनाच्या पोर्टफोलिओत, म्हणजे वर्गातल्या एका पाठाची चित्रफीत आणि त्यावरचे टिपण यांत, मला अपात्र ठरवले आहे. माझा पाठ नीट पाहून कोणी मला नापास केले असते, तर तो निकाल मी मान्य केला असता. पण तो पाठ पूर्ण पाहिलाच गेलेला नाही.

पाठ अपूर्णांकांच्या तुलनेचा होता आणि चित्रफीत ४० मिनिटांची. फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून मी विचारले, यातला मोठा कोणता? एक मुलगी लगेच म्हणाली, "एक छेद चार. तीनपेक्षा चार मोठे ना!" पूर्ण संख्यांचा नियम मुले अपूर्णांकांनाही लावतात, त्यामुळे हे उत्तर मी दरवर्षी ऐकते. मी तिला चूक म्हटले नाही. सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या तिच्या हातात दिल्या. घड्या घालून एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान भाग करायला सांगितले. मग म्हटले, "आता एकेक भाग शेजारी ठेव. काय दिसतंय?"

त्यानंतर सात सेकंद वर्गात कोणीच बोलत नाही. बाकावर कागद सरकल्याचा आवाज तेवढा येतो. मग ती पट्टीवरची नजर न उचलता म्हणते, "जास्त भाग केले की एकेक भाग लहान होतो."

या जागेवर आपल्या मूल्यमापकांचा शेरा आहे : "प्रश्नानंतर वर्ग निष्क्रिय. वेळेचा अपव्यय." गुण चारपैकी एक.

आपल्याच अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या घटकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांचे संशोधन शिकवले जाते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, हे त्यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. तीन सेकंद किंवा अधिक थांबले, तर मुलांची उत्तरे सविस्तर होतात, 'माहीत नाही' कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. चाचणीत मी हेच लिहिले तेव्हा आपण पूर्ण गुण दिलेत. वर्गात करून दाखवले, तर गुण कापलेत.

दुसरा शेरा वाचून तर वाईटच वाटले : "विद्यार्थ्यांना हाताळण्यासाठी साहित्य द्यावे." सबंध पाठभर प्रत्येक मुलाच्या हातात पट्ट्या आहेत! तेव्हा मी अभ्यासक्रमाच्या माझ्या ऑनलाइन खात्यावरची नोंद उघडली. चित्रफीत एकदाच उघडलेली आहे आणि एकूण सहा मिनिटे पाहिलेली आहे. म्हणजे ती पुढे सरकवत नेताना नेमकी ती शांतता नजरेस पडली असणार. तिच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, ते राहून गेले.

सोबत तीन पानांचे चिंतन-टिपण जोडले होते. मागच्या बाकावरच्या दोघांना मी बोलते करू शकले नाही, हेही त्यात प्रांजळपणे लिहिले होते. त्या टिपणावर एका ओळीचाही अभिप्राय नाही. विषय येणे वेगळे आणि त्यात मूल कुठे अडखळते हे ओळखून शिकवता येणे वेगळे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी हे १९८६ साली मांडले, आणि आपल्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर याच कौशल्याची पारख करण्याचे आश्वासन आहे. सहा मिनिटांत ती कशी होणार?

आपली व्याख्याने खरोखर चांगली आहेत. त्यांच्यामुळे माझे शिकवणे बदलले, म्हणूनच हे इतके लागले.

मी तीन ईमेल पाठवले. तिन्हींना एकच उत्तर आले : मूल्यमापकांचा निर्णय अंतिम आहे, शुल्क भरून पोर्टफोलिओ पुन्हा सादर करा. पुन्हा सादर करायचा म्हणजे नवी चित्रफीत आणि पालकांची नवी संमतीपत्रे. शिवाय ती मुले आता पुढच्या वर्गात गेली आहेत. त्या मुलीला तो गैरसमज पुन्हा करायला मी कशी सांगू?

माझी मागणी अशी. पहिले गुण न दाखवता दुसऱ्या मूल्यमापकांकडून संपूर्ण चित्रफीत आणि टिपण तपासून घ्यावे. त्यासाठी कोणतेही शुल्क आकारू नये. प्रत्येक शेऱ्यापुढे तो चित्रफितीतल्या कोणत्या मिनिटाबद्दल आहे, हे नोंदवावे. फेरतपासणी होईपर्यंत माझी नोंदणीची मुदत वाढवावी. तसेच मुलांचे चेहरे असलेली ही चित्रफीत आपल्याकडे कोणाकोणाला पाहता येते आणि ती कधी काढून टाकली जाईल, हे लेखी कळवावे. मी पालकांना तसा शब्द दिलेला आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. खात्यावरील नोंदीची प्रत आणि दोन्ही शेरे सोबत जोडले आहेत.

आपली,
अभ्यासक्रमातील एक शिक्षिका