कुडाळच्या मेस्त्रीकाकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. तुमचा मुलगा मोबाईलवर वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय. जाताना घाईत नीट बोलणंच झालं नाही, आणि तुम्ही आमच्या गाडीचं जे केलंत ते फोनवर एकदा थँक्यू म्हणून संपणारं नाहीये. ज्यांच्याकडे अशा कॅम्पर गाड्या आहेत त्यांनाही उपयोग होईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. आमची गाडी ट्रॅव्हलर मिनीबसवर बनवून घेतलेली आहे, आत बेड, छोटा ओटा, टॉयलेट आणि वर कपाटं. आईच्या गुडघ्यांमुळे हॉटेलचे जिने, रस्त्यातले संडास यातलं काहीच जमत नाही, त्यामुळे ती फिरते ती या गाडीमुळेच. आंबोली घाट उतरताना वरच्या कपाटाचं दार बिजागरीसकट निखळलं आणि आतले स्टीलचे डबे आईच्या खांद्याजवळून खाली आले. नीट बघितलं तर दाराची सनमाइका मधोमध फुगलेली, आणि ओट्याखालचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) भिजलेल्या पोह्यांसारखा झालेला, बोट लावलं की भुगा. ज्याने गाडी बनवली त्याला फोन केला तर म्हणे सगळी कपाटं काढून नवीन बसवावी लागतील, पुण्याला घेऊन या. वाटेत अजून एक-दोघांना दाखवलं, त्यांनी वरून नवीन सनमाइका मारून देतो म्हणून सांगितलं.

आणि तुम्ही, काका, सुरुवातीला सनमाइकाला हातही लावला नाहीत. गणपती तोंडावर आलेले, तुमच्याकडे मखरांची कामं पडलेली, तरी गाडीत शिरलात, कपाटात डोकं घालून हात फिरवलात आणि म्हणालात, "आधी पाणी खयसून येता ता बगूक व्हया." मग पोराला टपावर चढवून पाइपने पाणी सोडायला लावलंत आणि स्वतः आत टॉर्च धरून बसलात. पाणी टपावरच्या फॅनच्या चौकटीतून येत होतं, तिथलं सिलिकॉन कडेने सुटलेलं, पाणी सीलिंगच्या आतून सरकत कपाटाच्या बाजूच्या प्लायमध्ये आणि तिथून खाली ओट्यापर्यंत जायचं. कपाटाच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथल्या प्लायच्या कडा उघड्याच ठेवलेल्या, ना एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) ना साधा रंग. पाणी प्यायला त्याच कडा पुरेशा, वरून सनमाइका कितीही चकाचक असू दे. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून चौकटीखाली ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) आणि वरून पीयू सीलंट (फटी बुजवायची लवचिक पेस्ट) लावून झाल्यावरच तुम्ही लाकडाकडे वळलात.

मला घाई होती, सुट्टी संपत आलेली. पण ओल्या प्लायवर सनमाइका चिकटवली तर ओल आतच कोंडते आणि परत फुगते, म्हणून "सुकांदे आधी" यावर तुम्ही ठाम राहिलात. भर पावसात सुकवायचं कसं, तर कपाटात शंभरचा बल्ब आणि समोर टेबल फॅन. तोपर्यंत काकूंनी आम्हाला घरात ठेवून घेतलं, आईला उकड्या तांदळाचा भात आणि माशाचं तिखलं खायला घातलं, त्याचेही आभार कसे मानू कळत नाही.

तुमची एक गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. ओट्याची सनमाइका त्याच शेडची कुठे मिळेना, तर तुम्ही ती फेकली नाहीत. हीट गनने एका कोपऱ्यापासून गरम करत, पातळ पत्रा आत सरकवत, बोटभर पुढे जायचं आणि थांबायचं, परत गरम करायचं. गरमीने आतलं चिकटवायचं सोल्युशन मऊ पडतं, पण जरा ओढलं तर एक एमएमची शीट कडकन तुटते. तुम्ही ती अख्खी, एकही तडा न जाता सोडवलीत. खाली कुजलेल्या बोर्डाऐवजी १२ एमएमचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा) टाकलात, त्यावरचा आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का मला दाखवून, आणि सगळ्या कडा सील करून तीच जुनी शीट परत चढवलीत. दाराच्या फुगलेल्या जागी ब्लेडने सनमाइकावरच्या डिझाइनच्या रेषेच्या दिशेने बारीक चीर देऊन इंजेक्शनच्या सिरिंजने फेविकॉल सोडलात. आणि वरच्या कपाटाला क्लॅम्प लागेना तेव्हा बांबू हिशोबापेक्षा किंचित लांब कापून फरशी आणि कपाटाच्या मधे ठोकून बसवलात, रात्रभर त्याने फळी दाबून धरली. असं कुठल्या व्हिडिओत बघायला मिळत नाही हो.

बिजागरीची सैल भोकं मोठी करून त्यात लाकडी खुंट्या ठोकल्यात, मग नवीन स्क्रू. दाराच्या आतल्या कोऱ्या बाजूलाही पातळ सनमाइका लावलीत, कारण एकाच बाजूला असली की दुसरी बाजू दमट हवा ओढते आणि दार वाकतं. सॉफ्ट क्लोज (दार हळू बंद करणारी) बिजागरी घरात ठीक, पण चालत्या गाडीत ती दार धरून ठेवत नाही, म्हणून प्रत्येक दाराला कडी. मला वाटतं कॅम्पर बनवणाऱ्या प्रत्येकाने घरचं फर्निचर आणि खड्ड्यांतून जाणारं फर्निचर यातला हा फरक तुमच्याकडे येऊन शिकायला हवा.

आणि पैसे सांगताना तुम्ही फक्त सामान आणि मजुरी धरलीत, पाणी शोधण्यात गेलेला वेळ धरलाच नाहीत. मी जास्तीचे देत होतो तर रागावलात. त्यामुळे काका, यावेळी ऐकणार नाही. दिवाळीनंतर आईला घेऊन वेंगुर्ल्याला निघतोय, वाटेत कुडाळला थांबणार, टपावरच्या फॅनची चौकट एकदा तुमच्या डोळ्याखालून घालायची आहे आणि काकूंसाठी आईने आत्ताच साडी घेऊन ठेवलीये. नाही म्हणू नका.

तुमचा,
पुण्याचा गाडीवाला