माळ्यावरचं सामान

प्रिय विन्या,

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना नमस्कार सांग.

रात्री दोन वाजेपर्यंत काय उकरत बसतोस, असं विचारलं होतंस. भाड्याच्या खोलीच्या माळ्यावर आधीच्या बिऱ्हाडाचं सामान सापडतं ना, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तसंच आहे. मेमरीत जागा मिळते, पण झाडून मिळत नाही. ड्रायव्हरने, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या कोडने, त्यात काही भरलंच नाही आणि तरी वाचलं, की जुना कचरा खरा मानला जातो. हे पकडायला केएमसॅन हे कर्नलमधलंच तपासणीचं हत्यार आहे, लिनक्स ६.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून. प्रत्येक बाइटमागे तो एक सावली ठेवतो. कचरा नुसता इकडून तिकडे हलवला तर गप्प बसतो; त्यावर 'इफ' चालवलं, म्हणजे त्यावरून काही ठरवलं, किंवा तो यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅम्सना, पाठवला की बोंब ठोकतो. मशीन मात्र गोगलगाय होतं.

मला मिळालेली बोंब यूएसबी-लॅनच्या, म्हणजे यूएसबीला लावायच्या नेटवर्क डोंगलच्या, ड्रायव्हरमध्ये होती. डोंगलमध्ये केबलची बाजू सांभाळणाऱ्या चिपच्या (PHY, उच्चार 'फाय') स्टेटस रजिस्टरचे, म्हणजे तिची स्थिती सांगणाऱ्या कप्प्याचे, दोन बाइट मागितले, डिव्हाइसने एकच दिला. यूएसबीचं फंक्शन किती बाइट आले ते परत करतं, चूक झाली तर उणे आकडा; पण कोडमध्ये तपासणी फक्त उणे आकड्याची! एक म्हणजे उणे नाही, म्हणून सगळं आलबेल.

मी काय केलं असेल? ते बाइट ज्यात यायचे त्या व्हेरिएबलला आधीच शून्य दिलं. बोंब थांबली, पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला, झोपलो. सकाळी मेंटेनरचा, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याचा, एका ओळीचा प्रश्न: 'शून्याचा अर्थ काय?' अरे, त्या स्टेटस रजिस्टरमध्ये शून्य म्हणजे लिंक नाही! डिव्हाइसने पूर्ण उत्तर दिलंच नव्हतं आणि मी त्याच्या तोंडी 'केबल निघालीय' घातलं होतं. कान धरले. आता मागितल्यापेक्षा कमी बाइट आले की सरळ एरर.

पण शून्य भरणं नेहमीच चोरवाट नसते हं. दुसऱ्या ड्रायव्हरमधल्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात, आधी एक बाइटचं फील्ड, मग चार बाइटचं. मधली तीन बाइटची पोकळी कोणाच्या डोळ्यांत येत नाही. सगळी फील्डं भरून स्ट्रक्ट यूजरस्पेसला दिलं तरी त्या पोकळीतून कर्नलची मेमरी बाहेर. तिथे आधी मेमसेटच हवा, म्हणजे सगळ्या जागेत शून्य भरून घ्यायचं.

तो दुसरा पॅच अजून लटकलाय. दिवाळीत येशील तेव्हा तुझं ते जुनं लॅनचं डोंगल आण, खऱ्या हार्डवेअरवर बघायचंय. चिवडा मी करतो.

तुझा,
मध्या